दुखण्याची बोली आणि प्रश्नावलीची भाषा : आंतरसांस्कृतिक आरोग्य मानसशास्त्राची एक चिकित्सा

प्रास्ताविक

आरोग्य मानसशास्त्र ही मानसशास्त्राची तुलनेने तरुण शाखा आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग १९७८ साली स्थापन झाला आणि जोसेफ मॅटाराझो यांनी १९८० मध्ये केलेली व्याख्या पुढे पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली. माणूस आपल्या त्रासाला आजार केव्हा म्हणतो, उपचाराला केव्हा जातो, सांगितलेले पथ्य का पाळतो किंवा का मोडतो, हे प्रश्न या शाखेने आपले मानले. असे प्रश्न जगातील प्रत्येक समाजात उद्भवतात. त्यामुळे त्यांची उत्तरेही सर्वत्र एकाच साधनाने मिळू शकतील, असे गृहीत धरणे अभ्यासकांना सोपे गेले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. त्यासाठी चीनमधील चांग्शा, गोवा, गडचिरोली आणि झिंबाब्वेतील हरारे येथील अभ्यासांचा आधार घेतला आहे.

शाखेतील मान्यवर प्रतिमाने कोठे जन्मली, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. आरोग्य-श्रद्धा प्रतिमान १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत आकाराला आले. क्षयरोगाच्या निदानासाठी छातीचा एक्स-रे मोफत काढून मिळत असतानाही लोक पुढे का येत नाहीत, ही त्या खात्याची अडचण होती. गॉडफ्री हॉकबम, आयर्विन रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी तिचे उत्तर व्यक्तीच्या मनात शोधले. आजाराचा धोका आपल्याला कितपत आहे, तो किती गंभीर आहे, उपाय केल्यास लाभ काय आणि अडथळे कोणते, याचा हिशेब करून व्यक्ती निर्णय घेते, असे हे प्रतिमान सांगते. ते चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. मात्र त्यातील माणूस एकटा आहे आणि निर्णय त्याच्या हाती आहे. ज्या घरात सुनेने दवाखान्यात जावे की नाही हे सासू ठरवते आणि एसटीचे भाडे नवऱ्याच्या खिशातून यावे लागते, तेथे सुनेला तिच्या ‘जाणवलेल्या धोक्या’विषयी विचारून मिळणारे उत्तर नेमके कोणाचे मानावे? तेथील तिघांच्या निर्णयाला या हिशेबात जागा नाही.

जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांची पाहणी प्रसिद्ध केली. २००३ ते २००७ या काळातील लेखांतील नमुन्यांपैकी ६८ टक्के एकट्या अमेरिकेतील आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते. हे आकडे आता अनेक लेखांच्या आरंभी आढळतात. त्यांचा नेहमीचा अर्थ असा काढला जातो की, उरलेल्या जगातूनही नमुने गोळा करावेत. तो अर्थ अपुरा आहे. त्याच मापनीने दहा नवे देश मोजले तर नकाशा मोठा होईल, पण मापनीला जे दिसत नाही ते दहाही देशांत दिसणार नाही.

आपल्याकडील महाविद्यालयीन संशोधनात याचे एक परिचित रूप आढळते. परदेशी मापनीचे मराठी भाषांतर केले जाते, ती शहरातील पन्नास मुलगे आणि पन्नास मुली यांना दिली जाते, ‘टी’ मूल्य काढले जाते आणि ‘भारतीय संस्कृतीत’ लिंगभेदानुसार आरोग्यविषयक श्रद्धांत सार्थ फरक आढळतो, असा निष्कर्ष नोंदवला जातो. यात भाषांतर मराठी असते, विद्यार्थी मराठी असतात, परंतु प्रश्न कोणाचा आहे याचा विचार क्वचितच होतो. अशा शोधनिबंधांत विश्वसनीयता गुणांक असतो. सप्रमाणता बहुधा मूळ मापनीच्या हस्तपुस्तिकेतून उद्धृत केलेली असते, म्हणजे ती दुसऱ्याच लोकांची असते.

भाषांतराची कसोटी

मापनी एका भाषेतून दुसरीत नेताना उलट भाषांतराची पद्धत वापरावी, असे रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सुचवले. मूळ प्रश्नाचे भाषांतर एकाने करावे, ते न पाहिलेल्या मूळ प्रश्नाकडे दुसऱ्याने परत न्यावे आणि दोन्ही ताडून पाहावेत, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे ढोबळ चुका टळतात. तथापि या पद्धतीत एक उणीव आहे. दोन्ही भाषांतरकार सामान्यतः इंग्रजी शिकलेले असतात. ‘मनाची उदासीनता’ असा शब्दप्रयोग पहिल्याने केला की दुसरा तो अचूक ओळखतो, कारण दोघांनीही तो एकाच प्रकारच्या पुस्तकांत वाचलेला असतो. ज्या बाईला तो विचारायचा आहे ती या देवघेवीत कोठेच नसते. लेनोर रॅडलॉफ यांच्या १९७७ च्या प्रसिद्ध नैराश्य मापनीत खिन्नतेसाठी इंग्रजीतील निळ्या रंगाचा वाक्प्रचार आहे. त्याचे शब्दशः भाषांतर कोणी करणार नाही हे खरे. परंतु त्याऐवजी काय ठेवायचे, हा प्रश्न कोशाने सुटणारा नाही.

मराठीपुरते पाहिले तरी हे ध्यानात येते. ‘जीव’ हा शब्द घ्यावा. जीव घाबरा होतो, जीव कासावीस होतो, जिवाला चैन पडत नाही, जीव नकोसा होतो. यातील जीव म्हणजे शरीर की मन, असे विचारले तर बोलणाऱ्याला प्रश्नच कळणार नाही. हातपाय गळणे, पोटात गोळा येणे, डोके भणभणणे, अंगात त्राण नसणे या तक्रारी डॉक्टर शरीराच्या रकान्यात लिहितो आणि मानसशास्त्रज्ञ मनाच्या. सांगणाऱ्याने मात्र एकच गोष्ट सांगितलेली असते. मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये कर्नाटकातील दक्षिण किनारपट्टीवरील हव्यक ब्राह्मण स्त्रियांच्या अभ्यासातून याला नाव दिले. मराठीत त्याला ‘व्यथेची बोली’ म्हणता येईल. उघड बोलण्याची सोय नसलेले दुःख सांगण्यासाठी समाजाने मान्य केलेले जे मार्ग असतात, ते या संकल्पनेत अभिप्रेत आहेत.

यावरून पौर्वात्यांना मन आणि शरीर हा भेदच ठाऊक नाही, असे एक विधान वारंवार केले जाते. ते उत्साहाने केले जात असले तरी चुकीचे आहे. चरकसंहितेत वात, पित्त व कफ हे शारीर दोष आणि रज व तम हे मानस दोष स्पष्टपणे वेगळे सांगितले आहेत. ‘आधिव्याधी’ हा मराठीतील नित्याचा जोडशब्दही हेच दाखवतो : आधी मनाची, व्याधी शरीराची. भेद माहीत आहे, पण दोन्हींचा उच्चार एका श्वासात होतो. भेद नसणे आणि भेदावर व्यवहार न उभारणे या निराळ्या गोष्टी आहेत. आंतरसांस्कृतिक अभ्यासकांनी त्यांची गल्लत केल्यामुळे ‘पाश्चात्त्य द्वैत’ आणि ‘पौर्वात्य अद्वैत’ अशी एक सोयीची जोडी निर्माण झाली. तिने तुलना सोपी केली आणि निरीक्षण थांबवले.

चांग्शातील शंभर रुग्ण

आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्ये ‘प्रवर्गदोष’ ही संकल्पना मांडली. एका संस्कृतीत घडलेला निदानाचा प्रवर्ग दुसऱ्या संस्कृतीवर लादला आणि तेथे त्यात बसणारी माणसे सापडली, तर त्यावरून तो प्रवर्ग तेथे अर्थपूर्ण आहे हे सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या क्षेत्रातील हा कदाचित सर्वांत उपयुक्त इशारा ठरावा. म्हणूनच त्यांचा स्वतःचा चीनमधील अभ्यास याच इशाऱ्याच्या प्रकाशात वाचणे उद्बोधक ठरते.

चांग्शा येथील हुनान वैद्यकीय महाविद्यालयात १९८० मध्ये त्यांनी न्यूरॅस्थेनियाचे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. न्यूरॅस्थेनिया म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा. हे नाव जॉर्ज बिअर्ड या अमेरिकी वैद्याने १८६९ मध्ये रूढ केले, पुढे ते पश्चिमेत मागे पडले आणि ‘शेन्जिंग श्वाइरुओ’ या रूपाने चीनमध्ये स्थिरावले. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, अंगदुखी या तक्रारी घेऊन हे रुग्ण आले होते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अमेरिकी निकषांवर त्यांपैकी ८७ जण तीव्र नैराश्याच्या प्रवर्गात बसत होते. नैराश्यावरील औषधांनी अनेकांची लक्षणे कमी झाली. परंतु कामाच्या ठिकाणचे वा घरातले पेच सुटले नाहीत, तेथे रुग्णपणही संपले नाही.

या निष्कर्षाचे वाचन दोन प्रकारे झाले. पहिल्या वाचनानुसार चिनी रुग्ण मुळात नैराश्याने ग्रस्त होते आणि ते शरीराच्या भाषेत बोलत होते. याला ‘दैहिकीकरण’ म्हटले गेले. दुसरे वाचन क्लाइनमन यांच्या पुढील लेखनात, विशेषतः १९८६ च्या ग्रंथात दिसते. सांस्कृतिक क्रांतीची १९६६ ते १९७६ ही वर्षे नुकतीच सरली होती. त्या काळात खिन्नता किंवा निराशा उघड बोलून दाखवणे ही राजकीयदृष्ट्या धोक्याची बाब होती. डोकेदुखीला मात्र कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. तिच्या आधारे रजा मिळत होती, बदली मागता येत होती. शारीरिक तक्रार हे येथे चिनी स्वभावाचे लक्षण नसून त्या दशकातील सुरक्षित बोलणे होते.

दुसरे वाचन निश्चितच अधिक समर्थ आहे. तरीही ‘दैहिकीकरण’ हा शब्द त्यातही टिकून राहिला, आणि खरी अडचण तेथेच आहे. या शब्दात मूळ वस्तू मनात असते आणि शरीर हे तिचे सोंग असते, असा निवाडा आधीच दिलेला आहे. याच्या उलट, शरीरातील थकव्याचे ‘मानसिकीकरण’ करणारा एखादा पाश्चात्त्य रुग्ण या वाङ्मयात फारसा भेटत नाही. ज्याने प्रवर्गदोष दाखवला त्यालाच निकष लावताना तो पूर्णपणे टाळता आला नाही. यात व्यक्तीचा दोष कमी आणि साधनाचा अधिक आहे : नैराश्याची व्याख्या हाती घेऊन गेल्यावर नैराश्य सापडणे अपरिहार्य होते. क्लाइनमन यांचे मोठेपण असे की, सापडलेल्या ८७ जणांवर ते थांबले नाहीत आणि त्यांच्या कारखान्यांपर्यंत व घरांपर्यंत गेले. पुढे सिंग ली यांनी १९९९ मध्ये दाखवल्याप्रमाणे चिनी मनोविकारशास्त्रातही न्यूरॅस्थेनियाची जागा नैराश्य घेऊ लागले. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान उरलेले नाही. संस्कृती स्थिर राहते असे मानणाऱ्यांनी या चाळीस वर्षांचा विचार करावा.

गोव्यातील अशक्तपणा

चांग्शातील प्रश्न मराठी वाचकाला दूरचा वाटू शकेल. गोव्यातील अभ्यास मात्र कोकण-महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाची आठवण करून देतो. तेथे येणाऱ्या स्त्रियांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात : अशक्तपणा आणि अंगावरून पांढरे जाणे. पहिलीसाठी लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दुसरीसाठी, १९९० च्या दशकापासून प्रसार पावलेल्या लक्षणाधारित उपचारपद्धतीनुसार, तपासणी न करताही प्रतिजैविके देता येतात. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत सोयीची होती. तिच्यामागचे गृहीतक असे की, स्राव आहे म्हणजे बहुधा संसर्ग आहे.

विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात या शतकाच्या आरंभी केलेल्या ‘स्त्री आरोग्य शोध’ या पाहणीत २४९४ स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांच्या तक्रारी, घरची परिस्थिती, मानसिक स्थिती आणि प्रयोगशाळेतील तपासण्या अशी सर्व माहिती एकत्र ठेवण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध प्रजननमार्गाच्या संसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी व अन्य शारीरिक तक्रारींशी कितीतरी दृढ आढळला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखाचा विषय दीर्घकालीन थकवा हा होता. थकव्याचा संबंध गरिबी, कर्ज, नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती आणि मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी दिसला. रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी त्याचा संबंध आढळला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष थांबून वाचण्यासारखा आहे. भारतीय स्त्रियांत रक्तक्षय विपुल आहे आणि त्यावर उपचार झालेच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. मात्र ‘अशक्तपणा वाटतो’ असे म्हणणारी स्त्री रक्तातील लोहाविषयीच बोलत असते, हे आरोग्ययंत्रणेने केलेले भाषांतर आहे. ते भाषांतर कोणीही उलट भाषांतराने तपासून पाहिले नव्हते.

या अभ्यासाचे वेगळेपण त्याच्या क्रमात आहे. संशोधकांनी नैराश्याची मापनी घेऊन स्त्रियांत नैराश्य शोधले असते तर आणखी एक टक्केवारी मिळाली असती. त्यांनी स्त्रियांच्या स्वतःच्या तक्रारीपासून आरंभ केला आणि ती तक्रार कशाकशाशी जोडलेली आहे ते पाहिले. तक्रारीचे कारण काय, हेही त्यांनाच विचारले गेले. मनावरचा ताण, अंगातील उष्णता आणि जंतुसंसर्ग अशी तीन उत्तरे सर्वाधिक आली आणि प्रत्येकाचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास होता. म्हणजे लक्षणाधारित उपचारपद्धतीने ज्या एका कारणाची निवड केली होती, ते स्त्रियांच्या यादीत तिसरे होते. ताणाचे नाव त्यांनी आपणहून आधी घेतले होते. आपल्या मनाविषयी त्या अजाण होत्या असे म्हणण्यास येथे जागा राहत नाही. त्यांना विचारलेच गेले नव्हते.

प्रतिजैविकांची अनावश्यक मात्रा हे या चुकीचे एक मोल झाले. दुसरे मोल अधिक जड आहे. पांढरे जाण्याला लैंगिक संसर्ग ठरवले की नवऱ्यालाही उपचारासाठी बोलवावे लागते. संसर्ग नसलेल्या स्त्रीच्या घरात त्या एका चिठ्ठीने संशयाचे वादळ उठू शकते, आणि मुळात जिचा त्रास घरातील जाचातून आला असेल तिच्या जाचात भर पडते.

गोव्यातील अभ्यासावर काही आक्षेप घेता येतात आणि ते घेतले पाहिजेत. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कार्यकारणभाव ठरत नाही. पांढरे जाते म्हणून स्त्री चिंतेत आहे की चिंतेत आहे म्हणून तिला ते अधिक जाणवते, याचा निर्णय या आकड्यांवरून लागत नाही. शिवाय अशा निष्कर्षांचा दुरुपयोग सहज होऊ शकतो. बायकांच्या तक्रारी ‘मनाच्या’ आहेत असे म्हणून त्यांना परत पाठवणारे डॉक्टर आपल्याकडे नवीन नाहीत.

याच कारणाने गडचिरोलीचा अभ्यास गोव्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. राणी बंग, अभय बंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच केली होती. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्रीआरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण असे समीकरण असलेल्या काळात या आकड्यांनी जगभर खळबळ माजवली.

वरवर पाहता गडचिरोली आणि गोवा परस्परविरोधी वाटतात. एकीकडे रोग भरपूर आणि दुसरीकडे तक्रारीमागे रोग नाही. वस्तुतः दोन्ही अभ्यास एकाच गोष्टीच्या दोन बाजू दाखवतात. गडचिरोलीत रोग होता आणि अनेकींची तक्रार नव्हती. गोव्यात तक्रार होती आणि अनेकींना संसर्ग नव्हता. रोग ही शरीरातील घटना असून तक्रार ही कोणापुढे तरी, कशासाठी तरी केलेली कृती आहे. त्या दोन्हींचे प्रमाण एकमेकांवरून काढता येत नाही. ऐकणारा कोण आहे, बोलल्याने काय मिळेल आणि काय जाईल, याचा विचार तक्रारीत असतो. आरोग्य मानसशास्त्राचा खरा विषय हा दुवा आहे. लक्षणांची यादी वाचून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवणाऱ्या प्रश्नावलीतून नेमका तोच निसटतो.

विचारण्याची रीत

मिचेल वाइस आणि मुंबईतील के.ई.एम. रुग्णालयातील सहकारी यांनी कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून ‘एमिक’ या संक्षिप्त नावाची मुलाखतपद्धती विकसित केली. ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. नावातच श्लेष आहे. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९५४ मध्ये स्वनिमविचारावरून ‘एमिक’ व ‘एटिक’ हे शब्द घडवले होते : आतून पाहणे आणि बाहेरून पाहणे. वाइस यांच्या पद्धतीत रुग्णाला आधी त्याच्या शब्दांत बोलू दिले जाते. त्रास कोणता, कारण काय, कोठे कोठे गेलात, लोक काय म्हणतात. नंतर त्याच उत्तरांना गुण देऊन संख्येत मांडले जाते. कथन आणि गणन यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हा समज या पद्धतीने खोटा ठरवला.

तिचा उपयोग करून बंगळूरु येथे आर. रघुराम, वाइस व सहकाऱ्यांनी केलेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास चांग्शाच्या प्रश्नाला एक नेमके उत्तर देतो. नैराश्याची लक्षणे जितकी अधिक तितकी कलंकाची भावना अधिक आढळली. शारीरिक लक्षणांच्या बाबतीत हा संबंध उलटा होता. रुग्णांना दोन्ही प्रकारचा त्रास ठाऊक होता. खिन्नता सांगितली तर लग्न, प्रतिष्ठा, नातेसंबंध यांवर परिणाम होईल आणि अंगदुखी सर्वांनाच असते, हेही त्यांना ठाऊक होते. येथे ‘संस्कृतीमुळे भावना ओळखता येत नाहीत’ हे स्पष्टीकरण कोसळते. ओळखता येतात, म्हणूनच झाकल्या जातात.

कर्मविचाराच्या बाबतीतही अशीच घाई झाली आहे. वॉलस्टन दांपत्य व डेव्हेलिस यांनी १९७८ मध्ये तयार केलेल्या आरोग्यविषयक नियंत्रण-केंद्र मापनीत १८ विधाने आहेत आणि नियंत्रण स्वतःकडे, समर्थ इतरांकडे वा दैवाकडे असे तीन कप्पे आहेत. आजार कर्माने आला असे म्हणणारा रुग्ण यांतील कोणत्या कप्प्यात ठेवावा? कर्म आपलेच असते, म्हणून नियंत्रण आंतरिक. ते मागल्या जन्माचे असते, म्हणून आपल्या आवाक्याबाहेर. परीक्षक बहुधा त्याला दैववादी ठरवून मोकळा होतो. अजित दलाल व सहकाऱ्यांनी अलाहाबाद येथे रुग्णालयातील रुग्णांवर केलेल्या अभ्यासांतून मात्र कर्म व ईश्वरेच्छा यांवर श्रद्धा ठेवणे आणि बरे होण्यासाठी धडपडणे यांत विरोध दिसून आला नाही. वारीला जाणारा मधुमेही बरोबर गोळ्यांची पुडी ठेवतोच. मूळ मापनीत ईश्वराचा कप्पा १९९९ मध्ये जोडला गेला, ही सुधारणा म्हणून ठीक आहे. परंतु तेथेही ईश्वर हा स्वतःच्या प्रयत्नांपासून वेगळा असा एक रकाना आहे.

नाव देण्याचा मोह हा याच घाईचा आणखी एक प्रकार होय. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये वर्णिलेला ‘धात’ विकार दीर्घकाळ ‘संस्कृतिबद्ध’ आजारांच्या यादीत राहिला. सुमतिपाल, सिरिबद्दन व भुग्रा यांनी २००४ मध्ये दाखवले की, वीर्यनाशाची हीच भीती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपातही वैद्यकमान्य होती. युरोपात ती इतिहास ठरली, भारतात संस्कृती ठरली.

तुलनेची किंमत

याविरुद्ध एक प्रामाणिक आक्षेप आहे. प्रत्येक समाजासाठी त्याच्या बोलीतून वेगळे साधन घडवायचे, तर तुलना कशी करावयाची? दोन देशांतील आकडे शेजारी ठेवता आले नाहीत तर ‘आंतरसांस्कृतिक’ या विशेषणाला काय अर्थ उरतो? या आक्षेपाचे एक उत्तर हरारेत मिळते. विक्रम पटेल गोव्यात येण्यापूर्वी, १९९० च्या दशकात झिंबाब्वेत काम करीत होते. तेथे शोना भाषकांकडून ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द पुढे आला. त्याचा अर्थ अतिविचार करणे. मराठीत ‘विचार करून करून डोके फिरले’ असे म्हणणाऱ्याला तो परका वाटणार नाही. पारंपरिक वैद्य आणि परिचारिका यांनी ज्यांना या प्रकारे त्रस्त मानले त्यांच्या शब्दांतून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेतील दवाखान्यांच्या आवारात ‘मैत्रीचा बाक’ हा उपक्रम उभा केला. वस्तीतील वयस्क स्त्रिया, ज्यांना लोक आजी म्हणतात, थोड्या प्रशिक्षणानंतर त्या बाकावर बसून माणसांचे ऐकून घेतात आणि एकेका अडचणीची उकल करायला मदत करतात. पहिल्या टप्प्याचे नावच ‘मन उघडणे’ अशा अर्थाचे आहे. २४ दवाखान्यांतील ५७३ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिणाम मोजण्याचे मुख्य साधन तीच शोना प्रश्नावली होती, आणि तिच्यावरील गुणांत उपक्रमात सहभागी झालेल्यांची स्थिती लक्षणीयरीत्या सुधारलेली आढळली.

गोव्यातील मार्ग थोडा वेगळा झाला. ‘मानस’ चाचणीचे नाव ‘मनःशांती सुधार शोध’ यावरून घेतलेले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील रुग्णांना प्रशिक्षित समुपदेशकांचा लाभ झाला, खाजगी दवाखान्यांत तो दिसला नाही. येथे रुग्ण निवडताना बाहेरून आलेली १२ प्रश्नांची सर्वसाधारण आरोग्य प्रश्नावली वापरली होती, आणि २०१७ मधील पुढील चाचणीत नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची अमेरिकी प्रश्नावली आली. आंतरराष्ट्रीय निधी आणि नियतकालिके यांना परिचित मापनी हवी असते, हे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. तरीही ‘स्त्री आरोग्य शोध’ने ज्या शब्दांपासून आरंभ केला होता, ते शब्द या मापनात मागे पडले, हेही नोंदवले पाहिजे. अशक्तपणा आणि पांढरे जाणे घेऊन आलेल्या स्त्रीला त्या नऊ प्रश्नांत थकव्यासाठी एक प्रश्न मिळतो. दुसऱ्या तक्रारीसाठी एकही नाही.

हरारेच्या प्रश्नावलीवरील गुण गोव्याच्या गुणांशी ताडता येत नाहीत, हा तिचा तोटा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मात्र हरारेतील बाकावर बसलेल्या माणसाला प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ‘या आठवड्यात फार विचार करत होतात का?’ असे विचारल्यावर तो लगेच बोलू लागतो, आणि आजीला पुढचे विचारता येते.